हुकूम कुठपर्यंत चालतो?

आमच्या कंपनीच्या बसला निगडीहून चाकणला पोहोचायला कधी पाऊण तास लागतो, कधी दोन. तळवड्याचा चौक आला की पुढचं देवाच्या आणि ट्रकवाल्यांच्या हाती. त्या वेळात बसमध्ये वाद झडतात. त्यांतला एक मध्यंतरी आठवडाभर पुरला: आधुनिक काळातला सगळ्यात ताकदवान हुकूमशहा कोण? परदेशांवरच्या चढाया, जगातला दरारा हे सगळं बाजूला ठेवायचं. फक्त स्वतःच्या देशात, स्वतःच्या माणसांवर कुणाची सत्ता सगळ्यात निरंकुश होती, एवढंच बघायचं. स्टालिन, हिटलर, माओ, किम इल सुंग ही नावं ओळीने आली. कुणी मारलेल्यांचे आकडे सांगत होतं, कुणी सत्तेवरची वर्षं मोजत होतं. बॅट्समनची सरासरी काढावी तसं.

मला दोन्ही मोजपट्ट्या पटल्या नाहीत. मृतांच्या आकड्यावरून क्रौर्य कळतं, सत्ता कळतेच असं नाही. जिथे लोक मुकाट ऐकतात तिथे मारावं कमी लागतं. आणि वर्षंच मोजायची तर पोर्तुगालचा अंतोनियो सालाझार १९३२ ते १९६८ अशी छत्तीस वर्षं पंतप्रधान होता. हिटलरच्या बरोबर तिप्पट.

सालाझारचं नाव बसमध्ये कुणीच घेतलं नव्हतं. खरं तर या सगळ्या मंडळींमध्ये तो एकच असा आहे, ज्याने मराठी बोलणाऱ्या-वाचणाऱ्या माणसांवर राज्य केलं. थोडंथोडकं नाही, एकोणतीस वर्षं.

आपल्याकडून गोव्याला गाडीने निघालेली मंडळी आंबोली घाट उतरून सावंतवाडी, बांदा करत पत्रादेवीला गोव्यात शिरतात. तिथे एक हुतात्मा स्मारक आहे. बहुतेक गाड्या तिथे थांबत नाहीत, कारण तोवर गाडीतल्या सगळ्यांना समुद्र दिसायला लागलेला असतो. १५ ऑगस्ट १९५५ या दिवशी गोव्याच्या सीमेवर ठिकठिकाणी हजारो निःशस्त्र सत्याग्रही आत शिरले आणि पोर्तुगीज पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसं मेली. पत्रादेवीला पडलेल्यांत पंजाबहून आलेला कर्नेल सिंग होता. गोळी चालवणाऱ्यांचा अंतिम साहेब लिस्बनमध्ये होता आणि त्याने गोव्यात आयुष्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं. पुढेही टाकलं नाही.

सालाझार हा मुळात कोइंब्रा विद्यापीठातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक. लष्करी बूट नाहीत, बाल्कनीतून आरोळ्या नाहीत, लग्न नाही, संपत्ती नाही. १९२८ मध्ये अर्थमंत्री झाला, देशाचा हिशेब जुळवून दाखवला, १९३२ मध्ये पंतप्रधान झाला आणि १९३३ च्या राज्यघटनेने आपली राजवट पक्की केली. एकच अधिकृत राजकीय संघटना, सेन्सॉर, गुप्त पोलीस आणि केप व्हर्डच्या बेटांवर ताराफालची छळछावणी. गुप्त पोलिसांचं नाव १९४५ पासून पीडे. हुकूमशहा म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारी पात्रं आठवली तर हा माणूस एखाद्या बँकेचा जुना मॅनेजर वाटतो.

गोव्यात त्याची सत्ता कशी दिसायची? सभा घ्यायची तर परवानगी. वर्तमानपत्रातली ओळ न् ओळ आधी सेन्सॉरकडे. जुन्या गोवेकरांच्या आठवणींत एक गोष्ट हमखास येते: लग्नपत्रिका छापायची तरी आधी सेन्सॉरचा शिक्का लागायचा. विचार करा. स्टालिनच्या दहशतीबद्दल आपण जाडजूड पुस्तकं वाचतो, पण वधूवरांच्या नावांचं प्रूफ सरकारी माणसाने तपासायचं, ही सत्ता काही लहान नव्हे. १८ जून १९४६ रोजी राममनोहर लोहियांनी मडगावला सभेत बोलायचा प्रयत्न केला तेव्हा त्यांना लगेच धरलं, ते साध्या सभेसाठी. त्याच वर्षी त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला झाला, आठ वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना थेट पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. एप्रिल १९५५ मध्ये म्हापशात गोवा काँग्रेसचं अधिवेशन भरवलं म्हणून सुधाताई जोशींना अटक झाली. भारतीय संस्कृतिकोशाचे संपादक पंडित महादेवशास्त्री जोशी यांच्या त्या पत्नी.

सगळ्यात छोटा गुन्हा डॉ. पुंडलिक गायतोंडे यांचा. ते म्हापशातले नावाजलेले सर्जन. १७ फेब्रुवारी १९५४ रोजी एका मेजवानीत कुणीतरी भाषणात म्हणालं की गोवा म्हणजे पोर्तुगालच. गायतोंडे म्हणाले, ‘माझा निषेध आहे.’ एवढंच. अटक करून त्यांना पोर्तुगालला नेलं आणि तिथे तुरुंगात टाकलं. जेवणाच्या टेबलावरच्या एका वाक्याची ही किंमत.

आणि ते वाक्य इतकं का झोंबलं, यातच सगळं आहे. १९५१ मध्ये सालाझारने राज्यघटना बदलून घेतली. ‘वसाहत’ हा शब्द गेला, गोवा पोर्तुगालचा ‘सागरापलीकडला प्रांत’ झाला. जग वसाहती सोडत होतं आणि याने म्हटलं, आमच्याकडे वसाहतच नाही, मग सोडू काय? लिस्बन आणि पणजी एकाच घरातल्या दोन खोल्या. म्हणजे गोव्यात तो जे करतो ती त्याची घरातली बाब. बसमधला आमचा प्रश्न घरातल्या सत्तेचाच होता. सहा लाखांच्या आसपास वस्तीचा हा लहानसा मुलूख त्यासाठी फार चांगली प्रयोगशाळा आहे. कारण घर म्हणवून घेतलेल्या जागी मालकाचा हुकूम खरंच कुठपर्यंत चालतो, हे तिथे अगदी दोन दिवसांत उघडं पडलं. त्याकडे येतोच.

त्याआधी, हुकूमशहाला थांबवू कोण शकतं? आमच्या असेंब्ली लाइनवर ठरावीक अंतरावर लाल बटणं असतात. काही अडलं, कुणाचा हात अडकायची वेळ आली तर कंत्राटी पोरगाही ते दाबू शकतो. मग मॅनेजर धावत येतो, आरडाओरडा होतो, किती गाड्या कमी निघाल्या त्याचा हिशेब होतो. पण लाइन थांबते. प्रत्येक राजवटीत असं बटण कुठे होतं हे शोधत गेलं की सगळे हुकूमशहा एका रांगेचे नव्हते हे कळतं.

मुसोलिनीच्या इटलीत बटण होतं. त्यालाही बहुधा त्याचा विसर पडला होता. २५ जुलै १९४३ च्या पहाटे त्याच्याच फॅसिस्ट महापरिषदेने १९ विरुद्ध ८ मतांनी त्याच्याविरुद्ध ठराव केला, दुपारी राजाने त्याला बडतर्फ केलं आणि राजवाड्यातून बाहेर पडताना अटक. एकवीस वर्षांची सत्ता एका दुपारी संपली. हिटलरने हे बटण फार आधी उखडून टाकलं होतं. २ ऑगस्ट १९३४ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग वारला, त्याने ते पदही स्वतःकडे घेतलं आणि सैनिकांना देशाच्या नव्हे तर स्वतःच्या नावाने शपथ घ्यायला लावली. त्याला काढण्याचा कायदेशीर मार्गच उरला नाही. मग टेबलाखाली बॉम्ब ठेवणं एवढंच उरलं, तेही फसलं.

स्टालिनचं प्रकरण सगळ्यात विलक्षण. कागदावर पॉलिटब्यूरो त्याला काढू शकत होतं. जून १९४१ मध्ये जर्मन फौजा आत घुसल्या, मिन्स्क पडलं, स्टालिन आपल्या बंगल्यावर जाऊन बसला. सहकारी तिथे गेले तेव्हा तो खुर्चीत आकसला आणि कशाला आलात असं विचारलं. हे आपल्याला अटक करायला आले आहेत असं त्याला वाटलं असावं, असं मिकोयानने आठवणींत लिहिलं आहे. ते आले होते त्याला पुन्हा सूत्रं हाती घ्या म्हणून विनवायला. १९३७-३८ या दोन वर्षांत सोव्हिएत नोंदींप्रमाणेच ६,८१,६९२ माणसांना गोळ्या घातल्या गेल्या होत्या. त्यांत बटणापर्यंत हात पोहोचू शकेल अशी बरीच माणसं होती. बटण जागेवर होतं. दाबायला कुणी राहिलं नव्हतं.

सालाझारचं बटण राष्ट्राध्यक्षाच्या खोलीत होतं. घटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्ष पंतप्रधानाला काढू शकत होता. १९५८ च्या निवडणुकीत जनरल उंबेर्तो देल्गादो उभा राहिला. निवडून आलात तर सालाझारचं काय करणार, असं पत्रकारांनी विचारल्यावर तो म्हणाला, काढून टाकणार, दुसरं काय! मतमोजणी सरकारच्याच हातात, तो हरला. सालाझारने लगेच कायदा बदलून राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूकच बंद केली. देल्गादोला १९६५ मध्ये पीडेने स्पेनच्या हद्दीत गाठून मारलं. तरी बटण गेलं नव्हतं. एप्रिल १९६१ मध्ये खुद्द संरक्षणमंत्री बोतेल्यो मोनिस राष्ट्राध्यक्षाकडे गेला आणि सालाझारला काढा म्हणाला. राष्ट्राध्यक्ष तोमास सालाझारच्या बाजूने राहिला. १३ एप्रिलला मोनिस घरी आणि संरक्षण खातं सालाझारकडे. म्हणजे एकाच वेळी लग्नपत्रिका तपासणारी सत्ता आणि स्वतःच्या संरक्षणमंत्र्याची खात्री नसलेली सत्ता. माणूस तोच.

इथे कुणी विचारेल, आपल्याकडे काय? आणीबाणी? इंदिरा गांधींना या रांगेत बसवावं का यावर वाद घालण्यात मला रस नाही. पण दोन्हीकडची चव घेतलेला एक माणूस आपल्या पुण्यातला आहे, त्याचा हिशेब जास्त बोलका आहे. मधु लिमये. १९५५ च्या जुलैमध्ये ते सत्याग्रही तुकडी घेऊन गोव्यात शिरले. त्याआधी मे महिन्यात सेनापती बापट आणि ना. ग. गोरे गेले होते. गोऱ्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली, लिमयांना बारा. मारहाण आधीच झालेली. प्रत्यक्षात दीडेक वर्षानंतर, फेब्रुवारी १९५७ मध्ये, पोर्तुगिजांनी त्यांना सोडलं. लिमयांची कैद साधारण एकोणीस महिने भरली. मग जुलै १९७५. आणीबाणी लागल्यावर खासदार असलेल्या लिमयांना मिसाखाली उचललं आणि मध्य प्रदेशातल्या तुरुंगांत ठेवलं. सुटका फेब्रुवारी १९७७. पुन्हा साधारण एकोणीस महिने.

एकच माणूस, दोन राजवटी, तुरुंगवास जवळजवळ सारखाच. तपशील पाहिले तर डोकं चक्रावतं. हुकूमशहाच्या गोव्यात खटल्याचा फार्स का होईना झाला, आरोप होता, शिक्षेचा आकडा होता. लोकशाही भारतात आरोप नाही, खटला नाही, मुदत नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ अशा बहुमताने सांगितलं की आणीबाणीत अशा कैद्याला अटकेविरुद्ध दादही मागता येणार नाही. त्या चौघांत पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. विरोधात एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. नऊ उच्च न्यायालयांनी त्याआधी उलट निकाल दिले होते, ते सगळे एका दिवसात पुसले गेले. (चंद्रचूडांच्या मुलाने, धनंजय चंद्रचूडांनी, २०१७ मध्ये वडिलांचा तो निकाल चूक ठरवला. आपल्या न्यायव्यवस्थेत असेही योग येतात.)

म्हणजे एका कैद्यापुरतं बघायचं तर १९७६ च्या दिल्लीची सत्ता १९५५ च्या लिस्बनपेक्षा जास्त निरंकुश होती, असं म्हणावं लागेल. पण तीच सत्ता दुसरीकडे अडकत होती. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. तीन मुलं झालेल्या जोडप्यांवर कायद्याने सक्ती. असा कायदा करायला निघालेलं हे देशातलं पहिलं राज्य. सत्ता दिल्लीत आणि मुंबईत एकाच पक्षाची, विरोधक तुरुंगात, वर्तमानपत्रं गप्प. तरीही विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही आणि ते कायदा झालंच नाही. शिबिरांतली जबरदस्ती मात्र कायद्याविनाच चालली. आणि मार्च १९७७ मध्ये मतदान झालं, खुद्द पंतप्रधान रायबरेलीत हरल्या आणि निकाल मान्य करून बाहेर पडल्या. बटण देशभरच्या मतदान केंद्रांवर होतं.

आता गोव्याच्या त्या दोन दिवसांकडे.

डिसेंबर १९६१. भारतीय फौजा सीमेवर जमत होत्या. पणजीत गव्हर्नर-जनरल होता मानुएल आंतोनियो वासालो ई सिल्वा, व्यवसायाने लष्करी इंजिनिअर. त्याच्याकडे साडेतीन हजारांच्या आसपास सैनिक, एक जुनी युद्धनौका आणि लढाऊ विमान एकही नाही. लिस्बन हजारो किलोमीटर दूर, मदत यायची शक्यता शून्य. दारूगोळ्याची परिस्थिती अशी की रणगाडाविरोधी गोळ्यांसाठी ‘सॉसेज’ हा सांकेतिक शब्द वापरून मागणी केली, तर लिस्बनहून खरेच सॉसेज आले, असा किस्सा सांगितला जातो. ज्यांनी कधी हेड ऑफिसला ईमेल पाठवून स्पेअर पार्ट मागवलेत त्यांना तो अविश्वसनीय वाटणार नाही.

१४ डिसेंबरला सालाझारचा संदेश आला. मतितार्थ असा: निदान आठ दिवस टिकाव धरा, तोवर आम्ही जगाला जागं करतो. शरणागती नाही, तह नाही, पोर्तुगीज युद्धकैदी ही कल्पनाच आम्हाला मान्य नाही. आमचे सैनिक आणि खलाशी एकतर विजयी असतील नाहीतर मेलेले. घरात बसून, खुर्चीतून, साडेतीन हजार माणसांना त्याने मरायला सांगितलं.

१७ आणि १८ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री भारतीय सैन्य आत शिरलं. १९ डिसेंबरच्या रात्री साडेआठच्या सुमारास वास्कोत वासालो ई सिल्वाने शरणागती पत्करली. पोर्तुगिजांचे तीसेक सैनिक मेले, बाकीचे हजारो जिवंत पकडले गेले. आठ दिवसांचे दोन झाले.

एवढ्यावर त्याला भित्रा म्हणून सोडून देता येईल. लिस्बनने तेच म्हटलं. पण त्याने हुकूम मोडायला त्या रात्रीच्या बऱ्याच आधी सुरुवात केली होती. ९ डिसेंबरला ‘इंडिया’ नावाचं जहाज तिमोरहून लिस्बनला जाताना मुरगावला लागलं. कुणालाही चढू देऊ नका, असा लिस्बनचा आदेश होता. पळापळ दिसली तर ‘घर’ या शब्दाची अब्रू गेली असती. जहाजाची क्षमता चारशेच्या आत. गव्हर्नरने सुमारे सातशे युरोपीय बायका-मुलं, नागरिक चढवले आणि जहाज सोडून दिलं. मागे सगळं जाळून, पाडून टाकायच्या योजनेतल्या बऱ्याच गोष्टीही त्याने केल्या नाहीत. जुन्या गोव्यातली चर्चेस, पणजीतल्या इमारती उभ्या राहिल्या. आज आपण तिथे सेल्फी काढतो, त्याचं थोडं श्रेय या माणसाच्या अवज्ञेला आहे.

मरेपर्यंत लढा हा हुकूम दुसऱ्या महायुद्धात अनेकांना मिळाला. ३० जानेवारी १९४३ रोजी हिटलरने स्टालिनग्राडमध्ये वेढल्या गेलेल्या पाउलुसला फील्ड मार्शल केलं. जर्मन फील्ड मार्शल कधी शरण गेलेला नव्हता, तेव्हा या बढतीचा अर्थ स्पष्ट होता. दुसऱ्याच दिवशी पाउलुस रशियनांच्या हाती लागला. म्हणजे हिटलरचाही हुकूम शेवटच्या माणसाशी येऊन थांबला. मग फरक कुठे?

तो घरी आहे. ऑगस्ट १९४१ मध्ये स्टालिनने २७० क्रमांकाचा आदेश काढला: शरण जाणाऱ्या अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना अटक करा, शरण जाणाऱ्या सैनिकांच्या घरच्यांची सरकारी मदत बंद करा. त्याचा स्वतःचा मुलगा याकोव जुलैमध्ये जर्मनांच्या हाती लागला होता. त्याची सून तुरुंगात गेली. नाझी जर्मनीतही युद्धाच्या अखेरीला गुन्हेगाराच्या नातेवाइकांना धरायची पद्धत रुळली. उत्तर कोरियात तर तीन पिढ्यांपर्यंत शिक्षा जाते. अशा राज्यातला सेनापती हुकूम मोडायचं ठरवतो तेव्हा त्याच्यासमोर शत्रूची बंदूक नसते, स्वयंपाकघरात उभी असलेली बायको असते. सालाझारकडे वासालो ई सिल्वासाठी असा आदेश नव्हता. गव्हर्नरला माहीत होतं की जास्तीत जास्त आपलं करिअर जाईल. ते गेलं.

पण इथेच एक गोष्ट मला खटकते आणि बसमधल्या वादात ती कुणाच्या लक्षात आली नव्हती. हाच सालाझार, हेच पीडे, याच पणजीत लग्नपत्रिकेवर शिक्का मारत होते. एका वाक्यासाठी म्हापशाच्या सर्जनला जहाजात घालत होते. गोवेकरासाठी सत्ता जवळजवळ संपूर्ण. पोर्तुगीज जनरलसाठी अर्धवट. घर एकच म्हणायचं आणि घरातल्या माणसांना वेगवेगळ्या मापाने मोजायचं. हुकूमशहांची क्रमवारी लावताना आपण एका माणसापुढे एक आकडा लिहितो, तो आकडाच खोटा असतो. स्टालिनपुढे मॉस्कोतला मंत्री किती हतबल, युक्रेनमधला शेतकरी किती, हे दोन वेगळे आकडे आहेत. सालाझारचे तर अनेक आहेत: लिस्बनचा प्राध्यापक, अंगोलातला मजूर, गोव्यातला छापखानेवाला, पणजीतला गव्हर्नर. ‘सत्ता किती’ विचारण्याआधी ‘कुणावर’ हे विचारावंच लागतं.

हरलेल्या किल्लेदाराचं काय करायचं, हा प्रश्न चाकणला नवा नाही. आमच्या कंपन्यांपासून थोड्याच अंतरावर संग्रामदुर्गाची पडकी तटबंदी आहे. १६६० मध्ये शाइस्तेखानाच्या प्रचंड फौजेसमोर फिरंगोजी नरसाळ्याने तो भुईकोट जवळजवळ दोन महिने लढवला. मदत येणं शक्य नव्हतं. महाराज स्वतःच त्या दिवसांत पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे जात होते. सुरुंगाने बुरूज उडाला आणि फिरंगोजीने किल्ला दिला. खानाने चाकरी देऊ केली ती त्याने नाकारली. परत गेल्यावर महाराजांनी त्याची पाठ थोपटली, पुढे भूपाळगडाची जबाबदारी दिली, असं परंपरा सांगते. कुणी म्हणेल, सतराव्या शतकातल्या राजाशी तुलना कशाला? मी राज्यपद्धतीची करत नाही. मदत पाठवता येत नाही हे ठाऊक असलेला मालक, माघारी आलेल्या माणसाकडे कसा बघतो, एवढंच.

सालाझारने कसं बघितलं? भारताच्या छावण्यांतले पोर्तुगीज कैदी १९६२ च्या मे महिन्यात परतले, तेव्हा बंदरावर त्यांचं स्वागत लष्करी पोलिसांच्या बंदुकांनी झालं. मार्च १९६३ मध्ये वासालो ई सिल्वाला आणि इतर काही अधिकाऱ्यांना सैन्यातून काढून टाकलं. १९७४ मध्ये पोर्तुगालमध्ये क्रांती झाली, राजवट कोसळली, तेव्हा त्याला त्याचा हुद्दा परत मिळाला. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी पोर्तुगालने गोवा भारताचा आहे हे करारावर सही करून मान्य केलं. १९८० मध्ये हा म्हातारा जनरल गोव्यात आला. ज्या लोकांवर त्याने राज्य केलं होतं त्यांनीच त्याचं आपुलकीने स्वागत केलं.

मोहन रानड्यांची गोष्ट राहिलीच. मूळचे सांगलीचे. गोव्यात मराठीचे शिक्षक म्हणून गेले, आझाद गोमंतक दलात सामील झाले, १९५५ च्या ऑक्टोबरमध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. शिक्षा सव्वीस वर्षं. त्यांना पोर्तुगालला नेलं, काशियसच्या किल्ल्यात ठेवलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा सुटला, रानडे सुटले नाहीत. सालाझारच्या हातून पणजी गेली, मांडवी गेली, सगळा प्रांत गेला. पण एका मराठी शिक्षकाच्या कोठडीची किल्ली पुढे सात वर्षं त्याच्याकडेच राहिली. त्या सुटकेसाठी सुधीर फडके वर्षानुवर्षं धडपडत होते. हो, तेच बाबूजी. दादरा-नगर हवेलीच्या १९५४ च्या मोहिमेतही ते होते.

ऑगस्ट १९६८ मध्ये सालाझार खुर्चीवरून पडला, अगदी शब्दशः. डोक्यात गाठ झाली, शस्त्रक्रिया झाली, मग मेंदूत रक्तस्राव. तो वाचणार नाही असं समजून २७ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष तोमासने मार्सेलो काएतानोला पंतप्रधान नेमलं. लाल बटण शेवटी त्याच खोलीत दाबलं गेलं. पण सालाझार वाचला, आणि हे त्याला सांगायचं धाडस कुणाला झालं नाही. मंत्री येत, खाटेशेजारी बसत, कामकाजाबद्दल बोलत. तो सूचना देत असे. ते मान डोलवत असत. जुलै १९७० मध्ये मरेपर्यंत त्याची समजूत कायम होती, असं सांगतात.

जानेवारी १९६९ मध्ये मोहन रानडे सुटले. सुटकेचा कागद नव्या सरकारचा होता. जुना पंतप्रधान त्या महिन्यात लिस्बनमध्ये इस्पितळाच्या खाटेवर पडून देश चालवत होता.